विषाणुवाहक निर्माण करणाऱ्या पेशींची जोपासना

लेंटिव्हायरस-वाहकाचे उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी आले, की पहिला संशय घेतला जातो तो प्लास्मिडाच्या शुद्धतेवर, दुसरा अभिकर्मकावर. पुष्कळदा दोष या दोहोंतही नसतो. तो आठवडाभर आधी, पेशींच्या नित्याच्या जोपासनेत शिरलेला असतो.

वाहकाची घटना पाहिली म्हणजे हे सहज उमगते. सुरक्षिततेसाठी त्याची जनुके तीन किंवा चार प्लास्मिडांवर हेतुपुरस्सर विभागलेली असतात, आणि तयार झालेला कण पुढे स्वतःची वृद्धी करू शकत नाही. ही सर्व प्लास्मिडे एकाच पेशीत एकत्र आली आणि त्या पेशीने दोन-तीन दिवस जोमाने प्रथिने बनविली, तरच कण जन्मास येतो. अशक्त पेशीकडून हे काम होणे नाही.

या कामी बहुधा २९३टी पेशी योजतात. त्यांच्या मूळ पेशी नेदरलँड्समधील लायडेन येथे व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाल्या. फ्रँक ग्रॅहॅम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातील पेशींत अडिनोव्हायरस-५ च्या डीएनएचे तुकडे घातले. त्याचा वृत्तान्त १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा अनुक्रमांक होय, त्यात दुसरे गूढ नाही. पुढे या पेशींत एसव्ही४० विषाणूच्या ‘मोठ्या टी-प्रतिजना’चे जनुक घालण्यात आले. एसव्ही४० चे प्रतिकरण-आरंभस्थान असलेली प्लास्मिडे त्यामुळे पेशीत अनेक पटींनी वाढतात.

या पेशींतील गुणसूत्रांची संख्या ४६ नसून ६४ च्या आसपास असते, आणि तीही पेशीगणिक कमी-अधिक होते. साहजिकच, महिनोन् महिने उपसंवर्धन करीत राहिल्यास भराभर वाढणाऱ्या पेशी उरतात. त्या उत्तम उत्पादक असतीलच असे नाही. म्हणून प्रारंभीच्या पिढ्यांतील पेशींच्या पुष्कळ कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राखून ठेवाव्या व ठरावीक उपसंवर्धनांनंतर नवी कुपी काढावी. काटकसर येथे महाग पडते.

दर दोन-तीन दिवसांनी, पात्राचा तळ पूर्ण व्यापण्यापूर्वीच, पेशींची विभागणी करावी. एकदा जरी त्या दाटून गेल्या, तरी पुढे त्यांचे पुंजके होतात आणि पुंजक्याच्या आतील पेशींना डीएनए पोहोचत नाही. ट्रिप्सिन थोडाच वेळ ठेवावे. मात्र पेशी एकेक सुट्या झाल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी. त्यांची तळाशी असलेली पकड सैल असते. थंड पोषकद्रव किंवा वरून पडणारी धार एवढ्यानेही त्या उचलून येतात. द्रव कोमट करून पात्राच्या कडेने सोडावा.

ट्रान्सफेक्शनच्या वेळी तळ ७० ते ८० टक्के व्यापलेला असावा. पेशी विरळ असल्यास अभिकर्मकाची विषबाधा होते, अतिदाट असल्यास विभाजन मंदावून डीएनएचे ग्रहण घटते. कॅल्शियम फॉस्फेटची पद्धती अवलंबिली असेल, तर उभयप्रतिरोधी द्रवाचा सामू ७.०५ च्या निकट हवा. हा अंक अल्पसा ढळला तरी बारीक रेतीसारखा साका मिळण्याऐवजी भरड गोळे मिळतात, नाहीतर काहीच मिळत नाही.

सर्वांत फसवा शत्रू मायकोप्लाझ्मा. त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा त्यावर परिणाम होत नाही; पोषकद्रवही गढूळ होत नाही. पेशी दिसावयास ठीक, पण उत्पादन खालावलेले, अशी स्थिती होते. शिवाय ४८ व ७२ तासांनी गोळा केलेला द्रव ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात, आणि मायकोप्लाझ्मा त्यातून पार होतो. अर्थात वाहकाबरोबर तोही लक्ष्य-पेशींत जातो आणि पुढच्या प्रयोगाचे निष्कर्षच दूषित करतो. प्रतिजैविकांच्या भरवशावर न राहता पीसीआर चाचणी नियमाने करावी. दोष आढळल्यास ते संवर्धन ऑटोक्लेव्ह करून टाकून द्यावे, आणि त्याच इन्क्युबेटरमधील इतर पात्रेही तपासावी.