टाकीतला वारा

संपादकांना गोदीवर लेख हवा होता. क्रेन, प्रॉपेलर, कोरड्या गोदीत बसवलेलं जहाज, वाडियांची सागवानी जहाजं बांधायची परंपरा, असा त्यांचा बेत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ते सगळं आहेच. १८१७ साली इथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून जपून ठेवलंय, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मात्र एका दुरुस्ती यार्डात, डेकवर मॅनहोलच्या कडेला घरघरणाऱ्या गुडघ्याएवढ्या पंख्यापाशी अडकलो. पंख्याच्या तोंडाला आठ इंची पिवळी नळी, तिच्या आत तारेचं वेटोळं. नळीचं दुसरं टोक टाकीच्या अंधारात. यार्डात पंख्याला ब्लोअर म्हणतात आणि नळीला डक्ट. फिटरच्या मते त्यात बघण्यासारखं काही नाही. मोटर, पाती, जाळी, संपलं.

इतिहासही तसा थोडक्यात आटोपतो. १५५६ च्या आपल्या खाणविद्येच्या ग्रंथात अॅग्रिकोलाने खाणीत वारा घालणाऱ्या भात्यांची आणि पंख्यांची चित्रं दिली आहेत. शिडांच्या जहाजांवर कापडी बोळकांडी उभारून वारा खालच्या मजल्यावर उतरवत. १७४० च्या दशकात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने जहाजांसाठी भाता बनवला. खरी गोष्ट टाकीत आहे.

बॅलास्ट टाकी म्हणजे जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरून ठेवायची जागा. पाणी उपसलं की ती रिकामी दिसते. पण झाकण लावून तशीच ठेवली तर ओल्या पोलादावर गंज चढत राहतो, आणि गंजाला लागणारा प्राणवायू तो टाकीतल्या हवेतूनच घेतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर ती हवा धोक्याची धरतात. सहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपायला मिनिटही लागत नाही. वास येत नाही, घसा खवखवत नाही. इतकंच काय, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. ती जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, आणि इथे तो साचलेलाच नसतो. माणूस शिडीवरून उतरतो आणि खाली कोसळतो. त्याला उचलायला दुसरा धावतो. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी ‘नायॉश’ संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं, की मेलेल्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते.

नंतर त्याच टाकीत वेल्डिंग सुरू होतं. वेल्डिंगचा धूर म्हणजे धातूची वाफ थिजून झालेले अतिसूक्ष्म कण, त्यात मँगनीजही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने हा धूर कर्करोगकारक असल्याचं पक्कं ठरवलं.

डक्ट सांभाळणारे काका साठीकडे झुकलेले, राजापूरकडचे. कागदोपत्री ‘हेल्पर’, पण सुपरवायझरही त्यांना काकाच म्हणतो. मी विचारलं, एक ब्लोअर आत वारा घालतोय, मग दुसऱ्या मॅनहोलवर हा आणखी एक कशाला? काका म्हणाले, “समईला फुंकर मारा, विझते. आता तोंडानं हवा ओढून विझवा बघू.”

या यंत्राची सगळी अडेलतट्टू वृत्ती त्या दोन वाक्यांत आली. फुंकलेला वारा सरळ धावतो. नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगाचा दहावा हिस्सा तो तीस व्यासांवरही राखून असतो, म्हणजे या आठ इंची डक्टपासून वीस फुटांवर. ओढताना हवा चारी बाजूंनी येते, म्हणून तोच दहावा हिस्सा एका व्यासावर उरतो. आठ इंचांवर! एवढाच त्याचा हात. धूर पकडायला साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेग लागतो. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वेगासाठी जवळपास चौपट हवा ओढावी लागते, आणि चौपट हवा ओढणारा ब्लोअर मॅनहोलपर्यंत कोण उचलून आणणार?

म्हणून एक ब्लोअर ताजा वारा टाकीच्या तळाशी सोडतो आणि दुसरा ठिणगीजवळून धूर ओढतो. वेल्डर जहाजाच्या सांगाड्याची एक फ्रेम पुढे सरकला की काका खाली उतरतात, डक्टचं तोंड त्याच्या हाताशी नेतात आणि सुतळीने बांधतात. अगदी जवळ नेलं तर वेल्डर ओरडतो, कारण सांध्यावरचा संरक्षक वायू वाऱ्याने उडाला की वेल्डमध्ये भोकं पडतात आणि काम नापास होतं. लांब नेलं तर धूर चेहऱ्यावर. मधली वीतभर जागा काकांना डोळ्यांनी कळते. काळ्या काचेआड वाकलेल्या त्या पोराच्या कानामागून धूर कुठे वळतो, तेवढंच ते बघत असतात. मी तासभर त्यांच्याकडे बघत होतो आणि लेखाचा मूळ विषय मनातून केव्हाच गेला होता.

या ब्लोअरचं सगळं कौतुक तो उचलून नेता येतो म्हणून. माझी काळजीही तीच. कारखान्याच्या भिंतीत बसवलेलं धुराडं कुणाला रोज आठवावं लागत नाही. हे यंत्र दर वेळी नव्याने मांडावं लागतं, आणि दर वेळी ते चुकीचं मांडता येतं. टाकीला एकच मॅनहोल उघडं असेल तर वारा आत शिरून तिथूनच परततो आणि कोपऱ्यातली हवा जागची हलत नाही. हवा आत खेचणारं तोंड डिझेल जनरेटरशेजारी असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट माणसांपर्यंत पोचतो. डक्टला प्रत्येक वळण महाग पडतं, आणि जहाजात सरळ रेघ सापडत नाही. मॅनहोल साधारण ६०० गुणिले ४०० मिलीमीटरचं. त्यातून डक्ट गेली की बाहेर पडायच्या वाटेवरच ती आडवी. त्यावर उपाय म्हणून दाबून चपटा केलेला जोडतुकडा मिळतो. या डेकवर तो दिसला नाही.

रंगकामाच्या दिवशी हिशेब पुन्हा बदलतो. थिनरची वाफ हवेहून जड, तळाशी बसते, आणि साध्या मोटरची एक ठिणगी तिला पुरते. तेव्हा ज्वालारोधक मोटर हवी, नाहीतर दाबाच्या हवेवर चालणारा, एकही फिरता भाग नसलेला भोंगा. तोही अर्थिंग करून, कारण डक्टमधून धावणाऱ्या हवेने स्थिर वीज साचते.

आवाजाचं वेगळंच. चालू ब्लोअरजवळ हाक ऐकू येत नाही, गॅस मीटरचा इशाराही बुडतो, म्हणून ‘पाच मिनिटं’ म्हणून कुणीतरी तो बंद करतो. मीटरचं मापही डक्टच्या तोंडाशी घेतलं तर ते ताज्या हवेचंच येतं. वर, मधे आणि तळाशी तपासायला हवं, तेही ब्लोअर थोडा वेळ थांबवून.

१९४८ च्या कारखाना कायद्याने अशा बंदिस्त जागेत २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा नेऊ नये इतकं बारीक लिहिलं होतं. टाकीतल्या कामासाठी यार्ड देतं त्या परमिटवर ‘व्हेंटिलेशन’ या शब्दापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन आहेत. डक्टचं तोंड कुठे आहे आणि शेवटचं कधी हलवलं, याला रकाना नाही.

काका सुट्टीवर असले की डक्ट कोण हलवतं, असं मी सुपरवायझरला विचारलं.

“वेल्डर स्वतःच हलवतो की,” तो म्हणाला.

त्या टाकीतल्या वेल्डरना कंत्राटदार वेल्डच्या लांबीवर, मीटरमागे पैसे देतो. डक्ट हलवण्यात गेलेली दहा मिनिटं त्यात धरलेली नाहीत.