रबरी बुश आणि वंगणाची सवय

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरतो, आसाला वंगण घालतो आणि पुढे निघतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही शहाणी सवय. पण मोटारीखालच्या एका भागाला ती मारक ठरते. त्या भागाचे नाव बुश.

जीपच्या चाकावर पोलादी पाट्यांची कमान आपण पाहिली असेल. तिचे टोक वळवून डोळा केलेला असतो व त्यातून बोल्ट जातो. या दोहोंमध्ये जी जाड रबरी नळी बसते, तोच हा बुश. लहान मोटारीत पुढच्या चाकांना कमानीऐवजी लोखंडी हात असतात, तेथेही तो असतोच. पहिल्या जीपगाड्यांत धातूचे आटेदार बुश असत आणि त्यांना ग्रीस द्यावेच लागे. रबराची गोष्ट निराळी. ते घसरत नाही, पिळले जाते. चाक खड्ड्यात गेले की पीळ घेते, वर आले की सोडते. त्याला ऑईल किंवा डिझेल लागले तर ते फुगते, मऊ पडते. कुरकुर चार दिवस थांबते खरी, पण बुश कामातून जातो.

झिजलेला बुश ओळखावा कसा? खड्ड्यात खालून ठकठक आवाज येतो, टायर एका बाजूने खाल्ला जातो, आणि ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. ही शेवटची खूण हलकी मानू नये. धारूरचा घाट भरल्या गाडीने उतरताना, मागे ऊसतोडीला निघालेली बायकामुले बसलेली असताना, ती ओढ कोठे नेईल हे सांगायला नको. टॉमी घालून डोळा हलवून पाहावा. रबर चिरलेले किंवा बोल्ट सैल खेळत असलेला दिसला तर बुश बदलावा, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच.

काम नुसत्या जॅकच्या भरवशावर करू नये. पक्के स्टँड लावावेत, उरलेल्या चाकांना दगडाची उटी द्यावी. जुना बुश शिकंज्यात दाबून काढतात. काही ठिकाणी तो जाळून काढतात, ते मला मुळीच पसंत नाही. धूर तर वाईटच. शिवाय आगीत धरलेल्या कोयत्याचे पाणी उतरते, तसेच पाट्याचेही उतरते. नवा बसवताना साबणाचे पाणी लावावे, तेवढे पुरे.

आता खरी मेख. गाडी उचललेली, चाके लोंबकळत असताना बोल्ट पुरते आवळले, तर नवा बुशही लवकर फाटतो. शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. खोडरबर दोन तळव्यांत दाबून तळवे किंचित उलटसुलट सरकवा. रबर तिरपे होते, सोडले की सरळ. पण आधीच तिरपे धरून त्याच दिशेने आणखी सरकवा; त्याला जागाच उरत नाही. लोंबत्या चाकावर आवळलेल्या बुशाची हीच गत. गाडी जमिनीवर आली की तो उभ्या जागी पिळलेलाच राहतो. म्हणून बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी हलवून बसू द्यावी, आणि मगच पाना पुरता फिरवावा.

मिस्त्री घाईत असतो. आपण शेजारी उभे राहून एवढे म्हणावे, "दादा, गाडी खाली घेऊन आवळा."

पुढे दोनतीनशे किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत, आणि लहान मोटार असेल तर चाकांची सरळाई जुळवून घ्यावी.