समुद्राच्या शिध्यावर

मागच्या लेखात आपण अंटार्क्टिकाचा बर्फ आणि त्याच्याखाली दबलेली जमीन पाहिली. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा, भारताच्या चौपटीहून मोठा हा खंड. त्याचा ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. पृथ्वीवरच्या गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा साठा इथेच आहे, तरीही हे वाळवंट आहे. आतल्या पठारावर वर्षभरात पडलेला बर्फ वितळवला तर पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा मिळत नाही. फुलणाऱ्या वनस्पती अवघ्या दोन, एक गवत आणि एक उशीसारखे वाढणारे झुडपुले, आणि त्याही द्वीपकल्पाच्या काठाकाठाने. कायम जमिनीवरच राहणारा सर्वांत मोठा प्राणी म्हणजे काही मिलिमीटर लांबीचे, पंख नसलेले एक चिलट. मग लाखोंनी दिसणारे पेंग्विन, बर्फावर पसरलेले सील, कड्यांवर घरटी करणारे पक्षी हे सगळे खातात काय? उत्तर सोपे वाटते, पण त्याचा नीट पाठपुरावा केला तर या खंडाकडे पाहण्याची रीतच बदलावी लागते. अंटार्क्टिकाची जमीन जवळजवळ कोणालाच पोसत नाही. तिथे जे जगते ते समुद्राच्या शिध्यावर जगते आणि जमीन त्याला फक्त टेकायला जागा देते. प्राण्यांइतकेच हे माणसांनाही लागू आहे.

आधी तो शिधा तयार कुठे होतो ते पाहू. या खंडाभोवती खोल समुद्रातले पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि उन्हाळ्यात त्याला जवळजवळ चोवीस तास प्रकाश मिळतो. हिवाळ्यात समुद्र गोठू लागतो. फेब्रुवारीत तीसेक लाख चौरस किलोमीटर असलेला सागरी बर्फ सप्टेंबरपर्यंत पावणेदोन-दोन कोटींच्या घरात जातो, म्हणजे खंडाहून मोठे शेत खंडाभोवती उभे राहते. शेत हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण त्या बर्फाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म शैवाल वाढते आणि क्रिलची पिल्ले हिवाळाभर तेच खरवडून खातात. क्रिल हा आपल्या जवळ्याची आठवण करून देणारा, पूर्ण वाढल्यावर सहा सेंटिमीटरपर्यंत जाणारा जीव. देवमासे, सील, अॅडेली पेंग्विन, पेट्रेल पक्षी, मासे, सगळ्यांच्या ताटात तो या ना त्या वाटेने येतोच. एम्परर पेंग्विन तर वीणही बहुतेक ठिकाणी जमिनीवर करत नाही, गोठलेल्या समुद्रावर करतो. मादी अंडे नराच्या पायांवर सोपवून समुद्राकडे निघते आणि नर ऐन ध्रुवीय रात्रीत दोन महिने ते उबवतो. जोडी जमण्यापासून मादी परतेपर्यंत तो जवळपास चार महिने उपाशी असतो. त्या चार महिन्यांत त्याला जगवणारी चरबी त्याने समुद्रातच कमावलेली असते.

याहून बोलका पुरावा आत, डोंगरांत मिळतो. हिमपेट्रेल हा पांढराशुभ्र पक्षी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बर्फातून डोके काढणाऱ्या कड्यांच्या कपारीत घरटे करतो. तिथे खायला काही नाही. तो समुद्रावर जातो, पोट भरतो आणि परत येऊन पिल्लाला भरवतो. कोणी जवळ आले की पोटातले तेलकट द्रव त्याच्यावर फेकतो. हे द्रव थंडीत दगडावर मेणासारखे थिजते आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे थर चढत जातात. काही थर तीस हजार वर्षांहून जुने निघाले आहेत. बर्फाच्या वाळवंटातल्या खडकावर समुद्री अन्नाची अशी वही लिहिली गेली आहे, आणि त्या काळी समुद्रात काय मिळत होते हे शास्त्रज्ञ तिच्यातून वाचतात.

माणसाला हा धडा उशिरा आणि मोठी किंमत मोजून मिळाला. १८९८ मध्ये 'बेल्जिका' हे जहाज सागरी बर्फात अडकले आणि माणसांनी अंटार्क्टिकात काढलेला पहिला जहाजी हिवाळा सुरू झाला. डब्यातल्या अन्नावर जगणारे खलाशी स्कर्व्हीने खंगू लागले, तेव्हा फ्रेडरिक कुक या डॉक्टरने पेंग्विन आणि सीलचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला आणि माणसे सावरली. त्याच जहाजावर रोआल्ड अॅमंडसेन होता. तेरा वर्षांनी दक्षिण ध्रुवाकडे निघताना त्याने आधी सीलच्या मांसाचा मोठा साठा केला, वाटेवरच्या तळांवर तो पुरून ठेवला आणि १४ डिसेंबर १९११ ला ध्रुव गाठून त्याचे पाचही जण सुखरूप परतले. रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला ध्रुवावर पोचला आणि परतताना त्याचे पाचही जण गेले. शेवटचा तंबू साठ्यापासून अठराएक किलोमीटरवर होता. पण मला इथे तिसरी तुकडी जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. स्कॉटच्याच मोहिमेतले व्हिक्टर कॅम्पबेल आणि पाच साथीदार किनाऱ्यावर अडकले. जहाज त्यांना घ्यायला पोचू शकले नाही. इनएक्स्प्रेसिबल बेटावर बर्फात गुहा खोदून, चरबीच्या दिव्याच्या काजळीत त्यांनी १९१२ चा हिवाळा सील आणि पेंग्विन खाऊन काढला. एकदा मारलेल्या एका सीलच्या पोटात छत्तीस मासे निघाले, तेही त्यांनी खाल्ले. हिवाळा संपल्यावर हे सहाजण चालत तळावर परतले, सगळे जिवंत. सामान तुटपुंजे, कपडे फाटलेले आणि बेत काहीच नाही, पण हाताशी समुद्र होता.

यावर आक्षेप येईल की स्कॉटच्या माणसांना उपासमारीनेच मारले असे म्हणणे एकांगी आहे. आक्षेप रास्त आहे. परतीच्या वाटेवर १९१२ च्या मार्चमधली थंडी कडक होती, डब्यांतले रॉकेल गळून कमी भरले होते आणि पाचांपैकी एडगर इव्हान्स व ओट्स आधीच खचले होते. पण ही सगळी कारणे घातक ठरली ती शिधा मोजून बांधलेला होता म्हणून. घरून आणलेले पेमिकन (वाळवलेले मांस आणि चरबी), बिस्किटे, लोणी आणि कोको हे स्वतः घसरगाड्या ओढणाऱ्या शरीरांना पुरेसे नव्हते, आणि वाटेत भर घालण्यासारखे पठारावर काहीच नव्हते. किनाऱ्यावर उशीर झाला तर माणूस शिकारीला जातो. आत उशीर झाला तर तो फक्त मोजत बसतो.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि अधिक कठीण आहे. बर्फाखाली, खडकात, मातीत सूक्ष्मजीव आहेत, ते तर समुद्राचे देणे लागत नाहीत? इथे तपशील मोठे रंजक आहेत. २०१३ मध्ये आठशे मीटर बर्फ भेदून व्हिलन्स सरोवराच्या पाण्यात जीवाणू सापडले, पण त्यांच्या उपजीविकेत प्राचीन समुद्रतळाच्या गाळाचा वाटा आहे. टेलर हिमनदीच्या तोंडातून झरणारे लालसर 'ब्लड फॉल्स' म्हणजे कधीकाळी अडकून पडलेले समुद्राचे खारे पाणी, आणि त्यातल्या सजीवांचे भांडवलही तिथलेच. पेंग्विनच्या वसाहतींजवळच्या शेवाळांना आणि मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनना विष्ठेतून उडालेला अमोनिया खत म्हणून मिळतो, वसाहतीपासून किलोमीटरहून पुढेही. तरीही सगळीच उदाहरणे या चौकटीत बसत नाहीत. पूर्व अंटार्क्टिकाच्या मातीतले काही जीवाणू हवेतल्या अत्यल्प हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडवर जगतात, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. त्यांच्यापुढे माझे विधान थांबते, आणि थांबावेच. पण डोळ्यांना दिसणारा, चालणारा, उडणारा अंटार्क्टिका त्यांच्यावर उभा नाही.

आणि आजची संशोधन केंद्रे? त्यांचा शिधा तर देशोदेशीहून येतो. खरे आहे, आता सील मारून कोणी जगत नाही आणि करारांनीही त्यावर निर्बंध घातले आहेत. समुद्र माणसाचे शेत राहिला नाही, तो रस्ता झाला. पण त्या रस्त्याशिवाय एकही केंद्र उभे राहत नाही. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली, ती जहाजानेच. आपले 'दक्षिण गंगोत्री' तर समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लादीवर होते आणि हळूहळू बर्फात गाडले गेले. 'मैत्री' १९८९ मध्ये सुमारे शंभर किलोमीटर आत, शिर्माकर ओअॅसिसच्या खडकावर उभारले. जवळच्या प्रियदर्शिनी सरोवराचे पाणी तिथे वापरतात, पण पाण्याखेरीज बाकी सगळे काठावर उतरवून ओढून न्यावे लागते. 'भारती' २०१२ मध्ये थेट किनाऱ्यावर बांधले. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी केंद्राला विमाने आणि ट्रॅक्टरचे तांडे पुरवठा करतात, पण ते किनाऱ्यावरच्या ज्या मॅकमर्डो केंद्राहून निघतात तिथले इंधन बर्फफोड्या जहाजामागून आलेल्या टँकरमधूनच येते.

म्हणूनच या खंडात राखण कशाची करायची, हा प्रश्न मला नुसता कागदी वाटत नाही. १९५९ चा अंटार्क्टिक करार आणि खाणकामावर बंदी घालणारा १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल यांनी जमीन बऱ्यापैकी सुरक्षित केली. मासेमारी मात्र १९८० च्या वेगळ्या करारात आहे आणि तिथे क्रिल पकडायला मुभा आहे. द्वीपकल्प आणि स्कोशिया समुद्राच्या परिसरात वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. त्या भागातला अंदाजे सहा कोटी टनांचा साठा पाहता हा जेमतेम एक टक्का, असे समर्थन केले जाते. पण पेंग्विन सरासरीवर जेवत नाही. पिल्लू घरट्यात असताना पेंग्विनचा शिकारीचा पल्ला मर्यादित असतो आणि जाळी नेमकी त्या पल्ल्यात पडली तर उरलेले नव्व्याण्णव टक्के त्याच्या कामाचे नाहीत. ही पकड वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागणारा नियम २०२४ मध्ये सहमतीअभावी संपला, आणि २०२५ मध्ये हंगाम सरायच्या आतच मर्यादा गाठली गेली. दुसरीकडे खुद्द शेतच आकसते आहे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि पाण्यात टिकतील अशी पिसे यायच्या आतच एम्पररच्या पाचपैकी चार वसाहतींतल्या पिल्लांच्या पायाखालचा आधार गेला.

रॉस समुद्रातले सुमारे साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र २०१७ च्या अखेरीस अमलात आले. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्पासाठीचे प्रस्ताव मात्र अडून आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला. निर्णय सर्वसहमतीने होतो, त्यामुळे एका देशाचा नकार पुरतो. ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात १९८० च्या त्या कराराच्या आयोगाच्या वार्षिक बैठकीत ते पुन्हा पुन्हा मांडले जातात. तिथे नकार कोण देते आणि कोणत्या कारणाने, ते पुढच्या लेखात पाहू.