फ्लेम डिटेक्टरचे विद्युत आउटपुट: जोडणीपूर्वी काय तपासावे?

रंग, सॉल्व्हंट किंवा पेट्रोलियम पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांत फ्लेम डिटेक्टर बसवले जातात. हे उपकरण ज्वालेतून निघणारे अतिनील किंवा अवरक्त किरण ओळखते. परंतु आग ओळखल्यावर ती सूचना अलार्म पॅनेलपर्यंत पोहोचली नाही, तर डिटेक्टरचा उपयोग नाही. म्हणून खरेदीपूर्वी माहितीपत्रकातील ‘आउटपुट’ हा भाग नीट वाचा.

आउटपुटचे प्रमुख प्रकार कोणते?

१. ४–२० मिलिअँपिअर: अनेक मॉडेलमध्ये ४ म्हणजे सर्व ठीक आणि २० म्हणजे आग. वायर तुटल्यास किंवा वीज गेल्यास प्रवाह शून्यावर येतो. ‘ठीक’ स्थिती शून्यावर न ठेवता ४ वर ठेवण्याचे कारण हेच आहे. पॅनेलने शून्याला ‘आग नाही’ असे न समजता ‘बिघाड’ समजले पाहिजे. मधल्या आकड्यांचे अर्थ मॉडेलनुसार बदलतात. पॅनेलमध्ये तेच आकडे भरावेत.

२. रिले: साधारणपणे फायर रिले आणि फॉल्ट रिले वेगवेगळे असतात. फॉल्ट रिले सामान्य स्थितीत ऊर्जित असतो, त्यामुळे वीज जाताच त्याची स्थिती बदलते व बिघाड कळतो. खर्च वाचवण्यासाठी फक्त फायर रिले जोडू नका; डिटेक्टर बंद पडला तरी पॅनेलवर काहीच दिसणार नाही.

३. आरएस-४८५ मॉडबस: याद्वारे एकाच केबलवरून अनेक डिटेक्टरची सविस्तर माहिती मिळते.

कोणत्या मर्यादा तपासाव्यात?

• लूपचा रोध: पॅनेलचा रोध २५० ओहम असल्यास २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट लागतात. केबलचा रोध यात मिळवा. एकूण रोध माहितीपत्रकातील कमाल मर्यादेत असावा.

• पुरवठा: समजा, डिटेक्टर १५० मिलिअँपिअर घेतो आणि जाऊन-येऊन केबलचा रोध १२ ओहम आहे. मग केबलमध्ये १.८ व्होल्ट खर्च होतात व २४ पैकी २२.२ व्होल्टच डिटेक्टरला मिळतात. हे किमान व्होल्टेजपेक्षा जास्त आहेत का, ते पाहा.

• रिलेची क्षमता: पंपाची मोटर थेट डिटेक्टरच्या रिलेवर जोडू नका. मध्ये योग्य क्षमतेचा रिले किंवा कॉन्टॅक्टर वापरा.

मान्यता आवश्यक आहे का?

पेट्रोलियम नियम, २००२ लागू असलेल्या धोकादायक क्षेत्रातील विद्युत उपकरणांसाठी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची (पेसो, मुख्यालय नागपूर) मान्यता तपासा. आग शोध व अलार्म यंत्रणेची निवड, उभारणी आणि देखभाल यांसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे.

लक्षात ठेवा

जोडणी पात्र तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. चाचणीपूर्वी स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा तात्पुरती रोखून ठेवा. उत्पादकाच्या टेस्ट लॅम्पने ‘आग’ तपासा. नंतर सुरक्षित क्षेत्रातील पॅनेलजवळ सिग्नलची एक वायर सोडवून ‘बिघाड’ दिसतो का, तेही पाहा. दोन्ही सूचना पॅनेलवर दिसल्यानंतरच काम पूर्ण झाल्याची सही करा आणि रोखलेली यंत्रणा पुन्हा सुरू करायला विसरू नका.