अक्षरे कोणाच्या ताब्यात? मुक्त सॉफ्टवेअर : तत्त्व आणि व्यवहार

इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दाला फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून ज्या चळवळीचा पाया घातला, ती मुक्ततेची आहे. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरणे, त्याची रचना अभ्यासून तीत बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारलेली प्रतही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्यास असावीत, असे ती मानते.

शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणींचे संकलन आम्ही हाती घेतले, तेव्हा हे तत्त्व आमच्या कामाचा भाग झाले. पूर्वी टंकलिखित केलेला काही मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. अशा प्रत्येक फॉन्टची अक्षरमांडणी निराळी; तो फॉन्ट संगणकात नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे.

हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले मूळ ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. परंतु कायद्याने मुक्त झालेला मजकूरही जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडला, तर त्यातील एक शब्द शोधणेही दुरापास्त होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुद्रकाकडे त्याच्या सवयीचे विकतचे सॉफ्टवेअर असते. पालकांपर्यंत निरोप व्हॉट्सॲपनेच पोहोचतो. उद्या कचेरीत नोकरी करू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला तेथील प्रचलित सॉफ्टवेअर यावेच लागते. तत्त्वाच्या आग्रहापायी त्याची संधी हिरावणे आम्हांस मान्य नाही.

म्हणून आम्ही एक साधा नियम केला. मूळ प्रत युनिकोडमध्ये, लिब्रेऑफिसच्या खुल्या फाइल-स्वरूपात, दोन ठिकाणी जतन करावयाची. छपाई व प्रसार यांसाठी सोयीचे कोणतेही साधन वापरावयाचे. साधन निवडताना प्रश्न एकच : उद्या परवान्याचे पैसे भरता आले नाहीत किंवा ते सॉफ्टवेअरच बंद पडले, तरी मजकूर आपल्या हाती राहील काय?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, तेव्हा बाबासाहेबांनी राजर्षी शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य स्वीकारले. पत्रातील विचार मात्र स्वतःचाच ठेवला. मदत आणि साधने कोठूनही घ्यावीत, पण आपल्या शब्दांची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हा बोध संगणकाच्या काळातही तितकाच लागू आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी तरी ही काळजी घेतलीच पाहिजे.