एक बिल शून्याचं, एक सव्वादोन लाखांचं!

अलिबागच्या वीकेंडला निघालात की वडखळ नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही एकदा तरी वैतागलेले असताच. आपल्यासाठी पेण म्हणजे गणपती, पोहे आणि पापड. रोहा म्हणजे कुंडलिकेतलं राफ्टिंग. पण इथली माणसं आजारी पडली तर कुठे जातात, हे गाडीची काच खाली करून कोण विचारणार? मला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. माझं आजोळ पेणचं आणि मावशी रोह्याची. त्यामुळे सरकारी खर्च, खासगी खर्च वगैरे जड शब्द आमच्या घरात थेट बिलाच्या रूपात येतात.

गेल्या वर्षी अशी दोन बिलं आली. रोह्याच्या मावसबहिणीची डिलिव्हरी सरकारी उपजिल्हा रुग्णालयात झाली. औषधं, तपासण्या, जेवण, सगळं धरून खर्च शून्य! मावशीने पेढे मात्र अर्ध्या आळीला वाटले. तीन महिन्यांनी पेणच्या मामांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. मामा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. घाईघाईत गाडी केली आणि पनवेलच्या बाजूचं एक खासगी हॉस्पिटल गाठलं. अँजिओप्लास्टी झाली, मामा वाचले. बिल सव्वादोन लाख! मामीच्या पाटल्या गेल्या, सीझनसाठी घेतलेला अ‍ॅडव्हान्सही गेला.

एकच कुटुंब, एकच जिल्हा. मग हा फरक कशामुळे?

पैसा जिथे गेला, तिथे फरक पडला

उत्तर सरळ आहे. बाळंतपणावर सरकारने वर्षानुवर्षं, न थांबता पैसा ओतला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, गावोगावी आशाताई आल्या. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यातली प्रसूती, अगदी सिझेरियनसुद्धा, मोफत झाली. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स धावू लागली.

आता रिझल्ट बघा. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत होता. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००५-०६ च्या सुमारास ६५ टक्क्यांच्या आत होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. याचं सगळं श्रेय सरकारी तिजोरीला देता येणार नाही. रस्ते झाले, मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, त्याचाही हा परिणाम. पण रात्री दोन वाजता फुकट अ‍ॅम्ब्युलन्स दारात येणं ही काही छोटी गोष्ट नाही.

आणि मामांचं हृदय? बीपी, शुगर, हार्ट हे आजार वर्षानुवर्षं आवाज न करता वाढतात. त्यांच्यासाठी आशाताईंसारखी घरापर्यंत येणारी साखळी उशिरा सुरू झाली आणि अजून तितकी घट्ट नाही. मामांचं बीपी त्याआधी कोणी तपासलंच नव्हतं. स्वस्तातली गोळी वेळेवर मिळाली नाही, की पुढे महागडा स्टेंट येतो. खासगी पैशाची गोम इथेच आहे. खिशातला पैसा बहुतेक वेळा आजार झाल्यावरच बाहेर पडतो, आणि तोही खिशात असला तर! पेणच्या डोंगरातल्या वाडीवरून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाने गहाण ठेवायला पाटल्या आणायच्या कुठून?

शंभरातले किती आपले?

देशभरात आरोग्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांपैकी २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. सरकारचा वाटा साधारण २९ वरून ४८ झाला. बातमी चांगलीच आहे. पण जीडीपीच्या हिशेबात सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तर २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं टार्गेट ठेवलं होतं.

नुसता पैसा ओतूनही भागत नाही हं! अमेरिका जीडीपीच्या जवळपास १७ टक्के आरोग्यावर उडवते. चिमुकला कोस्टारिका त्याच्या निम्म्याहून कमी वाटा खर्च करतो, तरी तिथली माणसं सरासरी अमेरिकनांपेक्षा जास्त जगतात. कारण नव्वदच्या दशकापासून तिथे छोट्या आरोग्य टीम्स थेट वस्त्यांमध्ये जातात. आपल्याकडेही उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

आणि उलटं उदाहरण? बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. शेवटच्या दिवसावर खर्च झाला, आधीच्या वर्षांवर नाही.

आता तुमची पाळी

तुमच्याकडे कंपनीचं मेडिक्लेम कार्ड असेल. पण गावच्या काका-मावश्यांचं काय? तर एवढं करा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. तीच आता महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०२३ मध्ये तिचं कव्हर वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. मात्र हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं. मामांचं नव्हतं! म्हणून जवळच्या यादीतल्या हॉस्पिटलांची नावं आत्ताच लिहून फ्रिजवर चिकटवा. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो, आधी त्याला गाठायचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हेही घरात सांगून ठेवा. आणि चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

मामा परत कामाला लागलेत. मूर्तीचे डोळे रेखायला हात स्थिर लागतो, तो आहे. पाटल्या सोडवायला मात्र मामीच्या हिशेबाने अजून दोन सीझन लागतील.