ठराव होण्यापूर्वीचे तीस दिवस

मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या तोंडी अजून कधीमधी 'बल्दिया' हा शब्द येतो. निजामी अमदानीतला तो शब्द, अर्थ नगरपालिका. १९४८ साली ती राजवट गेली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. बल्दियेची नगरपालिका आणि नगरपालिकेची नगरपरिषद झाली. तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र फारशी पालटली असे आम्हांला वाटत नाही. बल्दिया म्हणजे कर मागणारी आणि नळ सोडणारी कचेरी; तिने काय ठरविले ते बिल हाती पडल्यावर कळावयाचे, असेच आपण धरून चालतो.

वस्तुतः नगरपरिषदेचा निर्णय आभाळातून पडत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने त्याची वाट आखून दिली आहे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून निदान एकदा व्हावयास हवी. तिची नोटीस व विषयपत्रिका सात दिवस आधी सभासदांकडे पोचली पाहिजे. आणि ही सभा, बहुमताने काही वेगळे ठरले नसेल तर, नागरिकांना खुली असते. हदगावच्या कोणाही रहिवाशाला तेथे जाऊन बसता येते. किती जण बसतात, हे ज्याचे त्यानेच आपल्या मनाला विचारावे.

मध्यंतरी काही वर्षे ही सोयही नव्हती. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपून तेथे प्रशासक आले. सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती गेले. अधिकारी कर्तबगार असेलही, पण एका माणसाची सभा भरत नाही आणि तिला प्रेक्षकही नसतात. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणून येत्या दिवसांत कर, पाणी, बाजार, आराखडा यांचे जे विषय सभेपुढे येतील, ते कसे येतात हे जाणून घेण्याची ही वेळ आहे.

सगळ्यांत जवळचा विषय घरपट्टीचा. 'कराचा दर वाढला काय?' एवढेच आपण विचारतो, आणि दर तोच आहे असे कळले की निर्धास्त होतो. खरी गंमत दराच्या अलीकडे असते. भाडेमूल्याच्या पद्धतीत आधी घराचे वार्षिक भाडे किती येईल ते ठरवितात. घर भाड्याने दिलेले नसले तरी ठरवितातच. त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा होतात आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. समजा, एका घराचे भाडे महिना ५०० रुपये धरले. वर्षाचे ६,००० झाले. दहा टक्के वजा जाता ५,४०० उरले. दर समजा २० टक्के, तर कर १,०८० रुपये. आता फेरआकारणीत तेच भाडे ८०० धरले गेले, तर वर्षाचे ९,६००, वजा जाता ८,६४० आणि कर १,७२८ रुपये. दराला कोणी हात लावला नाही, सभेत एक शब्द निघाला नाही आणि घरधन्यावर ६४८ रुपये चढले!

ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हावयाची असते. यादी तयार झाली की ती पाहण्यास खुली होते, आणि हरकतींच्या सुनावणीपूर्वी निदान तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. हेच ते तीस दिवस. कचेरीत जावे, आपल्या घराची ओळ काढून पाहावी. घर माळवदाचे असून स्लॅबचे लिहिले आहे काय, पडलेली ओसरी अजून मोजली आहे काय, घर केव्हाचे आहे, मालक राहतो की भाडेकरू, हे ताडून पाहावे आणि चूक असेल तर लेखी हरकत द्यावी. पोच घेण्यास विसरू नये.

गावाच्या कडेला ज्यांचे शेत वा प्लॉट आहे, त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावयाचा कागद म्हणजे विकास आराखडा. नांदेड–नागपूर रस्त्यावरच्या गावात जमिनीला भाव येतो; मग कोणी आयुष्याची पुंजी घालून चार गुंठे घेतो आणि पुढे कळते की तेथे शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण आहे. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, नकाशा लावला जातो, हरकती मागविल्या जातात. ती मुदत गेली की १९६६ च्या नगररचना अधिनियमातील १२७ वे कलम उरते. त्याप्रमाणे आराखडा मंजूर होऊन दहा वर्षे गेली व जमीन घेतली गेली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण सुटते. बारा वर्षांत घरातले लेकरू शाळा संपवून बाहेर पडते.

तहबाजारीचा विषय लहान दिसतो, पण आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला तोच मोठा आहे. वसुलीचा ठेका देताना कोणत्या मालाला किती आकार, हे ठरलेले दरपत्रक बाजारात सर्वांना दिसेल असे लावावे, एवढी मागणी तरी नगरसेवकामार्फत सभेत गेली पाहिजे.

मोठ्या शहरांना आणखी एक पायरी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमावयास सांगितल्या. हदगावला ती पायरी नाही. तेथे सभा हीच पहिली आणि शेवटची.

ठराव झाल्यावर मार्ग अगदीच बंद होतात असे नाही. माहितीच्या अधिकाराखाली ठरावाची नक्कल मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची. ठराव बेकायदा किंवा लोकांना उपद्रवकारक वाटल्यास जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यांच्याकडे निवेदन देता येते. कराविरुद्ध अपीलही आहे. परंतु हरकतीला एक अर्ज पुरतो, आणि अपिलापूर्वी मागणीची रक्कम नगरपरिषदेत भरावी लागते.